पडद्यामागचं बोंड

या आठवणींची आधीची प्रकरणं ज्यांनी वाचली असतील, त्यांच्या ध्यानात आलं असेल की मॅट्रिकच्या निकालावरून मी एकदम नोकरीच्या पहिल्या दिवसावर उडी मारली आहे. मधला काळ मी गाळला. मुलीने हस्तलिखित वाचताना विचारलं, "बाबा, मधे काय करत होता तुम्ही?" मी म्हणालो, "काही नाही, रिकामाच होतो." मी रिकामा नव्हतो. त्या दोन वर्षांत मी यवतमाळात बशीर मिस्त्रींच्या दुकानात काम शिकत होतो. तितकं काम, तितकी हौस आणि तितकी जिवाला लागलेली माणसं मला पुढच्या सबंध नोकरीत मिळाली नाहीत. तरीही ते नाव मी घरात घेत नाही. कोणी नवरात्राच्या जुन्या देखाव्यांचा विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. बायको गेली तोपर्यंत तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. आता वय असं आहे की पुढे ढकलायला पुढे फारसं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर जुन्या जिनाच्या मागच्या गल्लीत होतं. जिन म्हणजे कापसाचं जिनिंग. त्याचा भोंगा सकाळी वाजला की आई चुलीवर चहाचं पातेलं ठेवायची, वडील दाढीला बसायचे, आणि समोरच्या नळावरचं भांडण तेवढ्यापुरतं थांबायचं, कारण भोंग्यात कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे. वडील कोर्टात कारकून. टोपी, कोट आणि बोलण्यात कायम एक तोलूनमापून ठेवलेला कोरडेपणा. मी मॅट्रिकला गणितात गेलो त्याच सुमारास जिन बंद पडलं. एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. आईने चहा नेहमीच्याच वेळी केला, पण वडील म्हणाले, "घड्याळ बंद पडल्यासारखं वाटून राह्यलं." गल्लीतले फिटर, यंत्रावरचे खलाशी, पट्टेवाले, सरकी उचलणाऱ्या बाया, सगळे ओट्यांवर बसलेले दिसू लागले. काही जण आर्णीकडे, बाभुळगावकडे शेतात रोजाने जायला लागले. ज्या हातांनी मोठमोठ्या शाफ्टा सरळ केल्या होत्या ते हात निंदण करू लागले.

बशीर मिस्त्री त्याच जिनात होते. आम्ही पोरं त्यांना बशीरचाचा म्हणायचो. उंच, किंचित वाकलेले, कानामागे कायम खडूचा तुकडा. जिनाच्या भिंतीला लागून त्यांचं टिनाचं दुकान होतं. तिथे ते आधी सायकली, पंप, कडबाकुट्टीची मशिनं दुरुस्त करायचे. जिनाचं भंगार विकायला निघालं तेव्हा त्यांनी त्यातून पट्टे, पुल्या आणि दात असलेली काही चाकं आणली. चाची म्हणाल्या, "घरात बसाले जागा नाही अन् हे लोखंड आणून राह्यले." चाचा म्हणाले, "जिन मेलं. त्याचे हातपाय तं जित्ते हायेत ना." त्या वर्षीच्या नवरात्रात आमच्या गल्लीच्या मंडळासमोर त्यांनी एक हलता देखावा उभा केला. कागदाच्या लगद्याची गाय, ती मान वळवून वासराला चाटायची. एवढंच. पण ती मान अशी वळायची की खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी तीन मंडळांनी त्यांना बोलावलं, त्याच्या पुढल्या वर्षी नांदेडहून आणि आदिलाबादहून माणसं विचारत आली.

यवतमाळच्या दुर्गेचे नऊ दिवस आज सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या देखाव्यांमागे गल्लीचं पोट कसं चालू लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिनातला नामदेव फिटर चाचांचा उजवा हात झाला. सरकी उचलणाऱ्या बाया रद्दी भिजवून, कुटून लगदा करू लागल्या. झरीकडच्या जंगलातून बांबू यायचा, तो तासणाऱ्या माणसाला उन्हाळाभर काम मिळालं. आर्णीजवळच्या तांड्यावरची शेवंताबाई आरशांचं भरतकाम करायची. तिने चाचींच्या शिलाई मशिनीवर बसून मंडपाचे पडदे शिवायला घेतले, मग तांड्यावरच्या चारपाच बायका आणल्या. नऊ दिवस खेड्यांतून माणसं लोटायची. चहावाला, फुटाणेवाला, बांगड्यावाला, रात्री मुक्काम करणाऱ्यांना ओसरी देणारी आमच्या समोरची विधवा काकू, सगळ्यांच्या वर्षाचा घास त्या गर्दीत असे. कापसाने जे दिलं आणि काढून घेतलं, ते एका गायीच्या मानेने थोडं थोडं परत आणलं, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

मी तिथे गेलो तो चित्रं काढता यायची म्हणून. चाचांनी माझं एक चित्र पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "घोडा सुंदर हाये बाबू. पण हा पळन कसा? मांग पाय कोठी ठेवन?" त्या प्रश्नाने मला पकडलं. मी घरून गणिताच्या शिकवणीला म्हणून निघायचो आणि दुकानात जाऊन बसायचो. हळूहळू देखाव्यांचे कच्चे नकाशे मीच काढू लागलो. दुपारी सगळे जमिनीवर पोतं टाकून जेवायचे. चाचींच्या हातची अंबाडीची भाजी, त्यात भरडलेली तुरीची डाळ, वरून लसणाचं कडकडीत तेल आणि ज्वारीची भाकर. आमच्या घरी चाचींकडून ईदला कोरड्या शेवया यायच्या. त्या आई स्वतः शिजवायची, कारण वडील त्यांच्या घरचं शिजवलेलं खात नसत. मी रोज त्यांच्या घरचं शिजवलेलं खाऊन जायचो आणि घरी पुन्हा जेवायचो. आईला ते कळत होतं. ती फक्त एक पोळी कमी वाढायची.

दुकानाचा एकच नियम होता, पडदा. देखावा काय आहे हे घटस्थापनेच्या संध्याकाळपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. हा नियम सगळ्याच मंडळांत होता, अजूनही आहे. पण चाचांकडे तो सोवळ्यासारखा पाळला जाई. नकाशा दुकानाबाहेर जायचा नाही. मंडळाच्या अध्यक्षालाही अर्धंच सांगायचं. माणसांनी घरी बायकोलाही सांगायचं नाही. नामदेवची बायको चिडून म्हणायची, "माया नवरा काय लपवून राह्यला देव जाणे. लोखंडाचा वास येते म्हणून बरं, नाहीतं मले दुसरीच शंका येती." यावर सगळं दुकान हसायचं. मी एकदा विचारलं, "चाचा, एवढं कायले झाकायचं? कोणी पाह्यलं तं काय खाऊन जाते?" चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "बाबू, मूर्ती सगळ्यायजवळ सारखी. लाइटा सगळ्यायजवळ सारख्या. आपण काय इकतो? लोकायची पह्यली नजर इकतो. ते एकडाव गेली का मंग भंगारच उरते." पडदा शेवंताबाईच्या हातचा असायचा. बारीक आरशांचा, जाड. दुकानातल्या दिव्याचे तुकडे त्याच्यावर थरथरत असायचे.

दुकानातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळाचा देखावा होता कपाशीचं बोंड. माणसापेक्षा उंच, हिरवं, मिटलेलं बोंड. ते उकलायचं, आत खरा कापूस, आणि त्या कापसातून एक लहान मुलगी, देवीचं बालरूप, हळूच उभी राहायची. कल्पना चाचांना बंद जिनाच्या आवारात सुचली. तिथे सरकी पडून आपोआप उगवलेलं एक झाड होतं. ते आम्हाला सगळ्यांना तिथे घेऊन गेले आणि एक उकलतं बोंड दाखवलं. "पाहा. हे छत्रीसारखं नाही उघडत. एक पाकळी आंधी, मंग दुसरी थोडी लाजत, मंग बाकीच्या." ते लाजणं लोखंडात आणायला त्यांनी आणि नामदेवने अंड्याच्या आकाराचं एक चाक घडवलं. तो सगळा पावसाळा त्यात गेला. पहिल्यांदा ते बोंड बरोबर उकललं तेव्हा शेवंताबाईने मशिनीवरून उठून चाचींना मिठी मारली. नामदेव बाहेर जाऊन बिडी ओढत उभा राहिला, कारण त्याला रडू आलेलं कोणी पाहू नये असं वाटत होतं. सगळ्यांनी पाहिलं.

आता त्या जेवणाकडे यायला हवं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. मुखवटे, भरजरी साड्या, वर टांगलेला फुलोरा, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, कढी, भजी, पुरणाच्या पोळ्या आणि मातीच्या मडक्यातली ज्वारीची आंबील. तिच्या आंबूस वासाने घर भरून जाई. पंगतीला नातेवाईक असायचे. त्या वर्षी आईचे थोरले भाऊ, वसंतमामा, माझ्या शेजारच्या पाटावर बसले. मामा गावातलं वजनदार माणूस. छोट्या रेल्वेच्या ठेसनाकडचं जे मंडळ होतं, त्याचे ते सर्वेसर्वा. कचेऱ्यांतून त्यांच्या ओळखी, आणि मला कुठेतरी चिकटवायचं बोलणं वडिलांनी त्यांच्याकडे टाकलेलं होतं. प्रत्येक ताटाभोवती आईने रांगोळी काढली होती. रांगोळीचा वाडगा माझ्या पाटामागे राहिला होता.

"काय मग भाचेबुवा," मामा पुरणावर तूप ओतत म्हणाले, "मिस्त्र्याकडं नट धुऊन राह्यले म्हणे तुम्ही."

"धुवत नाही, पुसते," वडील म्हणाले. "तेवढी बढती झाली त्याची."

पंगत हसली. माझी आत्या म्हणाली, "जाऊ द्या ना, पोराले जेवू द्या." मामा म्हणाले, "जेवू दे ना. हात तेवढे नीट धुतले का पाहा, नाहीतं आंबिलीत ग्रीस याचं." पुन्हा हसले. कान तापणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "नकाशे मी काढतो." मामा म्हणाले, "कायचे? नटाचे?" आणि मी मागचा वाडगा पुढे ओढला, ताटाशेजारच्या सारवलेल्या जमिनीवर चिमटीने बोंड काढलं, पाकळ्या, आतला दांडा, खालची पुली, पट्टा कुठून कुठे जातो, मुलगी कशी वर येते, सगळं. मामा चावायचे थांबले. त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला माझी छाती फुगत गेली. शेवटी ते वडिलांकडे वळून म्हणाले, "भाऊजी, पोरात डोकं हाये. हे वाया जाऊ देऊ नका." माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. जेवणं झाल्यावर आईने उष्टं काढलं आणि ओल्या फडक्याने ती रांगोळी पुसली. पुसताना ती क्षणभर थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फडकं फिरवू लागली.

मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मामा घरचा माणूस. पण दुकानाचा नियम घरालाच लागू होता, बाहेरच्यांसाठी तर कोणी नियम करत नाही. हे कळायला मला घटस्थापनेची दुपार यावी लागली.

आमचा पडदा संध्याकाळी आरतीला उघडायचा होता. ठेसनाकडच्या मंडळाने त्यांचा दुपारीच उघडला, कोण्या पुढाऱ्याच्या हस्ते. चहावाल्याचा पोरगा पळत आला, "मिस्त्री, तथी बी बोंडच हाये." नामदेवला वाटलं पोरगा थट्टा करतो. मी त्याच्याबरोबर गेलो. नागपूरहून आणलेल्या नव्या विजेच्या मोटारीवर चालणारं, रंगाचा वास येत असलेलं, आमच्याहून मोठं बोंड. ते छत्रीसारखं एकदम उघडायचं. पाचही पाकळ्या एका दमात, धाडकन. आतून मुलगी वर यायची. लोक टाळ्या वाजवत होते. मामा पुढाऱ्याशेजारी उभे होते. त्यांनी मला गर्दीत पाहिलं आणि लग्नात पाहुण्याला करावी तशी मान हलवली.

संध्याकाळी शेवंताबाईचा पडदा सरकला. बोंड आमचं हळूहळू, लाजत उकललं. मी त्याच्याइतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. आणि गर्दीतून पहिला आवाज आला, "हे तं तिकडं पाह्यलं." मग हशा. मग लोक मूर्तीला नमस्कार करून पुढे सरकू लागले. चाचा म्हणत होते ती पहिली नजर खर्च होऊन गेली होती.

आरतीनंतर मंडळाची माणसं मागे आली. अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते, एरवी गोड बोलणारे. ते म्हणाले, "मिस्त्री, एकच नवरी दोन मांडवात उभी केली तुम्ही."

"मी नाही केली," चाचा म्हणाले.

"मग बोंड काय चालत गेलं ठेसनापर्यंत?"

नामदेव पुढे झाला. "मिस्त्रीनं इकलं असन तं माये हात तोडून टाका. इथंच तोडा."

"नामद्या, चूप बैस." चाचांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. नामदेव, शेवंताबाई, बांबूवाला, लगद्याच्या बाया, मी. ते कोणाकडेही जास्त वेळ थांबले नाहीत. माझ्याकडेही नाही. मग अध्यक्षांना म्हणाले, "माह्या दुकानातून गेलं ना? मंग मीच देलं. पडदा माहा होता. ह्या लोकायले काही इचारू नका."

मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटते म्हणतात ते खोटं आहे. जीभ मोकळी होती. मी हिशेब करत होतो, मामाचा, नोकरीचा, वडिलांच्या तोंडाचा. तेवढ्यात माणसं निघून गेली. घरी वडील ओट्यावर उभे होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. रांगोळी त्यांच्यासमोर काढलेली होती. मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो." ते म्हणाले, "तुले कोणी समन्स काढलं? विचारल्याशिवाय साक्ष द्यायची नसते." आई आतून म्हणाली, "जाऊ द्या ना त्याले." वडील म्हणाले, "अन् मग वसंतरावांना काय तोंड दाखवता?" आई पुन्हा चुलीकडे वळली. मी घरातच राहिलो. दोष वडिलांवर ढकलावा म्हणून हे लिहीत नाही. दाराला कडी नव्हती.

त्यानंतरचे सगळे दिवस चाचा रोज संध्याकाळी बोंडामागे उभे राहिले. घेतलेलं काम ते अर्ध्यावर सोडत नसत. पट्टा स्वतः चढवायचे, अंड्याच्या चाकावर कान देऊन ऐकायचे. समोरून लोकांचे शेरे यायचे. मी त्यांच्या हाताशी होतो. ते म्हणायचे, "तेल दे बाबू." मी तेल द्यायचो. "पट्टा पाह्य जरा." मी पाहायचो. रोज संध्याकाळी मला एक संधी होती आणि रोज मी ती तेलाच्या डबीसारखी जागेवर ठेवून घरी आलो. चाचींनी एकदा माझ्या पुढ्यात ताटली ठेवत विचारलं, "तब्येत बरी नाही का बाबू? चेहरा काहून उतरला?" त्या दिवसापासून मी तिथे जेवणं बंद केलं. आईला ते कळलं असावं. ती पुन्हा पूर्ण पोळ्या वाढू लागली.

दसऱ्यानंतर एकेका मंडळाने चाचांना नाही म्हटलं. ज्याच्या दुकानातून गुपित फुटतं त्याला काम द्यायचं कसं? शहरभर तेच बोलणं. चाचा उन्हाळ्याच्या आधीच सामान ट्रकवर चढवून चाचींसह आदिलाबादला गेले. तिकडे त्यांचे साडू होते. नामदेवने आर्णीला जाऊन वेल्डिंगचं दुकान टाकलं. त्यातूनच तो छोटे हलते देखावे बनवू लागला. शेवंताबाईने तांड्यावरच पडद्यांचं काम सुरू केलं. बांबूवाला, लगद्याच्या बाया, जो तो आपापल्या गावी गेला आणि जे शिकला ते करू लागला. मी मामांच्या ओळखीने एका कचेरीत लागलो.

गेल्या वर्षी शहरातल्या एका सभागृहात कार्यक्रम होता. एक तरुण बाई कला आणि रोजगार यांवर बोलल्या. छान बोलल्या. त्यांनी 'सर्जनशील अर्थव्यवस्था' हा शब्द वापरला. म्हणाल्या, ज्याला आपण उत्सव म्हणतो तो या जिल्ह्याचा एक कारखानाच आहे, फक्त त्याला धुराडं नाही. आर्णीचे देखावे कुठकुठे जातात, तांड्यावरचे पडदे कोण कोण नेतं, कॉलेजात शिकलेली पोरं पुण्याहून परत येऊन हलत्या मूर्तींचं काम कशी करताहेत, हे पडद्यावर दाखवलं. मला अभिमान वाटला, तो खोटा नव्हता. शेवंताबाईच्या नातीचा फोटो पाहिला तेव्हा डोळे भरून आले. तिच्या हातात तोच जाड आरशांचा पडदा होता. मग त्या बाई म्हणाल्या, "या सगळ्याचं मूळ यवतमाळातल्या एका जुन्या मिस्त्रींच्या दुकानात आहे. त्यांनी माणसं घडवली आणि तालुक्या-तालुक्याला पाठवली." टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलो होतो, ज्येष्ठ नागरिक म्हणून. पाठवली नव्हती. ती माणसं उधळली गेली होती. उधळलेलं बी उगवलं हे त्यांचं मोठेपण. बी धरलेल्या मुठीवर फटका मारणाऱ्याने त्यात वाटा मागू नये. हे उठून सांगायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

बशीरचाचा आता नाहीत. पण आमची भेट एकदा झाली होती, आणि तीच सांगायची राहिली आहे.

नोकरीत मी बराच वर चढलो होतो. कामासाठी आदिलाबादला जाणं झालं. नवरात्र जवळ आलं होतं. कापूस बाजाराच्या मागे विचारत विचारत गेलो. टिनाचं दुकान, पण मोठं. आत पाचसहा जण कामाला, तेलुगू, हिंदी आणि आपली भाषा मिसळून बोलणारे. चाचा खाटेवर बसून चाकाचे दात घासत होते. कानामागे खडू होताच. केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कोण? नकाशेवाला बाबू?" मग उठून मला छातीशी धरलं. आत ओरडून म्हणाले, "अरे सुनती हो, यवतमाळचं पोरगं आलं." चाची आल्या, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली आणि म्हणाल्या, "मोठा साहेब झाला, तरी चेहरा तसाच हाये, उतरलेला." अंबाडीची भाजी होती. भाकर होती. मी जेवलो. ते नामदेवची, शेवंताबाईची चौकशी करत होते. नामदेवने आर्णीला केलेला हत्ती त्यांनी कोणाकडून तरी ऐकला होता. "त्याची सोंड जड झाली असन. सांगजो त्याले, मांगून वजन टाक म्हणा."

मी वाटेत वाक्य पाठ केलं होतं. चाचा, ते मी केलं होतं. एवढंच. घास गिळताना ते मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

जेवण झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि दुकानाच्या मागच्या भागात नेलं. तिथे एक पडदा होता, आरशांचा, कडा झिजलेला, शेवंताबाईच्या हातचा, यवतमाळहून आणलेला. कामाला असलेला एक जण म्हणाला, "मिस्त्री, आप ही तो कहते हो, किसी को नहीं दिखाना." चाचा म्हणाले, "हा कोणी नाही. हा घरचा हाये." आणि त्यांनी पडदा उचलला.

आत बोंड होतं. तेच. रंग नवा होता, पण मी काढलेल्या नकाशावरचंच. चाचांनी हाताने पट्टा ओढला. एक पाकळी सुटली. मग दुसरी, थोडी थांबून. मग बाकीच्या. कापूस दिसला.

"त्या साली यवतमाळले हे नीट दिसलंच नाही," ते म्हणाले. "म्हटलं, इथं तरी दिसू दे. कसं वाटते?"

मी तोंड उघडलं. त्यांचा हात अजून माझ्या दंडावर होता. त्यांच्या तोंडावर, बंद जिनाच्या आवारात आम्हाला ते झाड दाखवताना होती, तीच हौस होती.

"लय सुंदर झालं, चाचा," मी म्हणालो.

ते हसले. पडदा सोडला, त्याच्या कडा हाताने नीट जुळवल्या, आणि मला दाराकडे नेता नेता म्हणाले, "कोणाले सांगजो नोको बरं."

"नाही सांगत," मी म्हणालो. त्यांना जे सांगायला मी एवढ्या लांब गेलो होतो, ते तिथेच राहिलं.